रांगेतला नंबर

संगणकशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांमधून एक किस्सा वर्षानुवर्षं सांगितला जातो. अमेरिकेतल्या एमआयटीमधलं आयबीएम ७०९४ हे यंत्र १९७३ मध्ये कायमचं बंद करायला घेतलं, तेव्हा त्याच्या पोटात एक काम तसंच पडून असलेलं सापडलं. ते दिलं गेलं होतं १९६७ मध्ये. प्राधान्य कमी, त्यामुळे दर वेळी दुसरं कुणीतरी पुढे घुसत राहिलं आणि सहा वर्षांत त्या बिचाऱ्याचा नंबर काही लागला नाही. पाठ्यपुस्तकंसुद्धा हा किस्सा ‘असं म्हणतात’ एवढ्याच बोलीवर देतात. तरीही तो टिकून आहे, कारण मोठ्या संगणकाच्या दारात ताटकळलेल्या प्रत्येकाला तो पटतो.

ताटकळणं आजही संपलेलं नाही. पुण्याच्या आयसरमध्ये ‘परम ब्रह्म’ नावाचा महासंगणक आहे. अशा यंत्राकडे एखाद्या संशोधक विद्यार्थिनीनं रेणूंच्या हालचालींचं गणित पाठवलं, की पडद्यावर तिच्या कामासमोर बहुधा ‘पीडी’ ही दोन अक्षरं उमटतात. पीडी म्हणजे पेंडिंग. शेजारी कारणही दिलेलं असतं. ‘रिसोर्सेस’ असेल तर मागितली तेवढी यंत्रं मोकळी नाहीत; ‘प्रायॉरिटी’ असेल तर तिच्या आधी हक्क असलेलं कुणीतरी रांगेत उभं आहे. हा हक्क कोण ठरवतं आणि कशावरून, याला जवळपास सत्तर वर्षांचा इतिहास आहे. मधल्या काळात तर संगणकापुढची रांग कायमची उठली असं वाटावं अशी स्थिती आली होती. ती रांग परत आली, आणि आधीपेक्षा कितीतरी लांब होऊन आली.

१९५० च्या दशकाच्या सुरुवातीला रांग माणसांची होती. यंत्राचा वेळ तुकड्यातुकड्यांनी वाटला जाई. वहीत नाव लिहायचं, आपली वेळ झाली की कार्डांचा गठ्ठा आणि टेपची रिळं घेऊन यंत्राच्या खोलीत शिरायचं, सगळी जोडाजोड स्वतः करायची आणि गणित अडलं तर डोकं खाजवत तिथेच उभं राहायचं. तेवढा वेळ यंत्र रिकामं बसे. महिन्याला हजारो डॉलर भाडं मोजून आणलेलं यंत्र असं बसवून ठेवणं कारखानदारांना परवडणारं नव्हतं.

त्यावर तोड काढली ती संगणक बनवणाऱ्यांनी नव्हे, तर वापरणाऱ्यांनी. जनरल मोटर्सच्या संशोधन विभागातले रॉबर्ट पॅट्रिक आणि नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीतले ओवेन मॉक यांनी १९५६ मध्ये आयबीएम ७०४ साठी एक प्रणाली उभी केली. अनेकांची कामं एकाच टेपवर ओळीनं चढवायची आणि एक संपलं की यंत्रानं माणसाची वाट न बघता पुढचं उचलायचं, एवढीच तिची कल्पना. जगातली पहिली ऑपरेटिंग सिस्टिम म्हणून आज तिचंच नाव घेतलं जातं. म्हणजे खिडक्या, चित्रं, माऊस या सगळ्याच्या कितीतरी आधी ऑपरेटिंग सिस्टिमचा जन्म झाला तो रांग हाकण्यासाठी.

याची किंमत माणसानं मोजली. यंत्राच्या खोलीचं दार त्याच्यासाठी बंद झालं. आता तो खिडकीवर गठ्ठा द्यायचा आणि जायचा. ऑपरेटर तो गठ्ठा इतरांच्या गठ्ठ्यांबरोबर लावायचा, आणि निकालाचा कागद काही तासांनी किंवा दुसऱ्या दिवशी हातात पडायचा. एका कार्डावर ऐंशी रकाने, कार्यक्रमाची एक ओळ म्हणजे एक कार्ड. त्यातल्या एखाद्या कार्डावर स्वल्पविराम चुकला, तर कागदावर गणिताच्या उत्तराऐवजी चुकीची नोंद यायची आणि गठ्ठा पुन्हा रांगेच्या शेवटी जायचा.

भारतातही संगणकाची ओळख अनेकांना अशीच झाली. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशातच बांधलेला संगणक १९६० मध्ये पूर्णपणे चालू झाला. १९६२ मध्ये पंडित नेहरूंनी त्याला ‘टिफ्रॅक’ हे नाव दिलं. १९६४ मध्ये त्याच संस्थेत सीडीसी ३६०० हे मोठं अमेरिकी यंत्र आलं आणि देशातल्या इतर संस्थांमधले संशोधकही आपली गणितं घेऊन तिथे येऊ लागले. कानपूरच्या आयआयटीत १९६३ मध्ये आयबीएम १६२० होता. १९६६ मध्ये त्याच्या जोडीला आयबीएम ७०४४ आला आणि त्याच्याबरोबर १४०१ हे धाकटं यंत्र. अशा जोडीतली कामाची वाटणी ठरलेली असे. कार्डं वाचून टेपवर उतरवायची आणि निकाल छापायचा ही हमाली धाकट्यानं करायची, थोरल्यानं फक्त गणित करायचं. महागड्या यंत्राचा एक क्षणही फुकट जाता कामा नये, हा त्या काळचा दंडक होता. माणसाचा वेळ त्या हिशेबात धरलाच जात नसे.

एप्रिल १९६४ मध्ये आयबीएमनं सिस्टिम ३६० ही यंत्रांची मालिका जाहीर केली. तिच्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर जेसीएल, म्हणजे जॉब कंट्रोल लँग्वेज आली. इथे रांगेला पहिल्यांदा नीट अर्जाचं रूप मिळालं. गठ्ठ्याच्या सुरुवातीला ‘जॉब’ कार्ड. त्यावर कामाचं नाव, खर्च कुणाच्या खात्यावर घालायचा तो क्रमांक आणि कामाचा वर्ग. मग ‘एक्झेक’ कार्ड, म्हणजे कोणता कार्यक्रम चालवायचा. मग ‘डीडी’ कार्डं, म्हणजे माहिती कुठून उचलायची आणि कुठे ठेवायची. ‘टाइम’ लिहून किती वेळ हवा ते सांगायचं आणि ‘रीजन’ लिहून किती मेमरी. सांगितलेला वेळ संपला की काम अर्ध्यावर तोडलं जाई. ही भाषा इतकी किचकट होती, की ज्यांच्या देखरेखीखाली ही ऑपरेटिंग सिस्टिम तयार झाली त्या फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढे तिला जगातली सर्वांत वाईट संगणकभाषा ठरवलं.

भाषा वाईट होती, पण तिनं विचारलेले प्रश्न पक्के निघाले. आज ‘परम’ यंत्रावर काम पाठवणारा विद्यार्थी आपल्या फाइलच्या डोक्यावर ‘एसबॅच’नं सुरू होणाऱ्या चारसहा ओळी लिहितो. कामाचं नाव, खातं, किती नोड (म्हणजे महासंगणकात जोडलेले संगणक), किती कोअर, किती मेमरी, किती तास. जॉब कार्डावरचे रकाने जवळपास जसेच्या तसे तिथे उतरलेले दिसतात.

सिस्टिम ३६० च्याच सुमारास ह्यूस्टनमध्ये नासाच्या चांद्रमोहिमेसाठी राबणाऱ्या आयबीएमच्या तंत्रज्ञांनी ‘हॅस्प’ नावाची प्रणाली लिहिली. येणारी सगळी कामं आधी डिस्कवर जमा करायची आणि मग आलेल्या क्रमानं नव्हे, तर प्राधान्यानुसार यंत्राकडे सोडायची, हे तिचं काम. आधी आलेल्याला आधी, हा सरळ न्याय इथे मोडला. एकदा प्राधान्य आलं की प्राधान्य नसलेल्यांचं काय, हा प्रश्न ओघानंच येतो. १९६७ च्या त्या अभागी कामाचा किस्सा याच प्रश्नातून जन्मला असावा. त्यावरचं उत्तर साधं होतं. जितका काळ एखादं काम थांबेल, तितकं त्याचं प्राधान्य हळूहळू वाढवत न्यायचं. थांबण्याचे हे गुण आजही बऱ्याच मोठ्या यंत्रांवर मोजले जातात.

रांगेविरुद्धचं बंडही एमआयटीतच झालं. फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर १९६१ मध्ये सीटीएसएस ही प्रणाली चालवून दाखवली. तिच्यात अनेक माणसं आपापल्या टंकयंत्रावर बसत आणि यंत्र क्षणाक्षणाला एकाकडून दुसऱ्याकडे वळत राही. झटपट आटोपणाऱ्या कामाला लगेच उत्तर. जे काम लांबत जाईल ते खालच्या पायरीवर ढकलायचं, पण तिथे त्याला एका वेळी जास्त सलग वेळ द्यायचा. कॉर्बाटो यांना १९९० चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. माणसानं यंत्रासाठी थांबायचं, की यंत्रानं माणसासाठी, या प्रश्नाचं उत्तर इथे पहिल्यांदा माणसाच्या बाजूनं लागलं. पुढे युनिक्स आलं, मिनी कॉम्प्युटर आले आणि १९८० च्या दशकात तर टेबलावर ज्याचा त्याचा संगणक आला. खिडकीवर गठ्ठा देण्याचे दिवस सरले.

मोठी गणितं मात्र टेबलावर मावणारी नव्हती. विमानाच्या पंखावरून वाहणारी हवा, पावसाचा अंदाज, अणूंची मांडणी यांसाठी क्रेसारखे महासंगणक लागत आणि ते मोजक्याच ठिकाणी असत. कॅलिफोर्नियातल्या नासाच्या एम्स केंद्रात असे महासंगणक होते आणि त्यांच्यावर दूरदूरहून कामं येत. म्हणून १९८० च्या दशकाच्या मध्यावर तिथे ‘एनक्यूएस’ ही रांग सांभाळणारी प्रणाली तयार झाली. काम रांगेत घालायला ‘क्यूसब’, रांग बघायला ‘क्यूस्टॅट’, काम काढून घ्यायला ‘क्यूडेल’ हे शब्द तिथून जगभर पसरले. त्याच एम्स केंद्रासाठी जून १९९१ मध्ये तिच्या वारसदाराचं काम सुरू झालं. त्याचं नाव पोर्टेबल बॅच सिस्टिम, म्हणजे पीबीएस. ‘बॅच’ हा १९५० च्या दशकातला शब्द, मोडीत निघाला असं वाटत असताना नव्या प्रणालीच्या नावात येऊन बसला.

भारतात याच सुमारास महासंगणकाची वेगळीच कथा घडत होती. हवामानाच्या अंदाजासाठी दिल्लीत क्रे एक्स-एमपी आणायचं ठरलं. अमेरिकेनं मागितलेलं मोठं यंत्र नाकारलं आणि एका प्रोसेसरचं धाकटं दिलं. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅकची स्थापना झाली आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये ‘परम ८०००’ उभा राहिला. एक राक्षसी प्रोसेसर बनवण्याऐवजी बरेच छोटे प्रोसेसर जोडून काम वाटून द्यायचं, या वाटेनं सी-डॅक गेलं. जगही लवकरच त्याच वाटेला लागणार होतं.

विस्कॉन्सिन विद्यापीठात मिरॉन लिव्हनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या लक्षात आलं होतं, की प्राध्यापकांच्या टेबलावरचे संगणक दिवसाचा बराच काळ नुसते बसून असतात. १९८८ मध्ये त्यांनी ‘काँडॉर’ ही प्रणाली मांडली. मोकळा संगणक दिसला की ती त्याच्यावर कुणाचं तरी काम चढवायची आणि मालक परत येऊन बसला की ते काम होतं त्या टप्प्यावर जपून दुसरीकडे हलवायची. मग १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे ४८६ जातीच्या प्रोसेसरचे १६ संगणक साध्या इथरनेटनं जोडून त्यांवर लिनक्स चालवलं. त्या जोडणीचं नाव ‘बिओवुल्फ’. क्लस्टर म्हणतात तो हा. विद्यापीठाच्या एखाद्या विभागालाही परवडेल असा महासंगणक आता बांधता येऊ लागला.

त्याबरोबर रांगेचा स्वभावच बदलला. जुन्या यंत्राला एक तोंड होतं. एक काम आत, बाकीची बाहेर. क्लस्टरमध्ये शंभर नोड असतील, तर एकाला चार हवेत, दुसऱ्याला चाळीस, तिसऱ्याला नव्वद, तेही वेगवेगळ्या वेळेसाठी. आता प्रश्न केवळ क्रमाचा उरला नाही, जागेचाही झाला.

समजा रांगेत पहिला नंबर आहे नव्वद नोड मागणाऱ्याचा आणि मोकळे आहेत तीस. आधी आलेल्याला आधी, हा नियम काटेकोर पाळला तर आणखी साठ मोकळे होईपर्यंत हे तीस नोड रिकामे बसतात आणि मागचे सगळे खोळंबतात. उलट, जे मावेल ते आत सोडलं तर लहान कामं एकामागून एक घुसत राहतात, एकाच वेळी नव्वद नोड कधीच मोकळे होत नाहीत आणि मोठं काम उपाशी राहतं. पहिल्या नियमात यंत्राचं नुकसान, दुसऱ्यात मोठी गणितं करणाऱ्यांचं. क्लस्टर विकत घ्यायचा तो मुळात मोठ्या गणितांसाठी, त्यामुळे दुसरं नुकसान अधिक बोचणारं.

शिकागोजवळच्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत आयबीएमचं १२८ नोडचं एसपी यंत्र होतं. तिथले डेव्हिड लिफ्का यांनी १९९५ मध्ये या पेचावरचा आपला तोडगा प्रसिद्ध केला. त्याचं नाव ‘ईझी’. गर्दीच्या खानावळीतला चाणाक्ष मालक जे करतो तेच हा करतो. आठ जणांचं कुटुंब एकत्र बसायला थांबलंय, मोठं टेबल अर्ध्या तासानं रिकामं होणार आहे. तर तेवढ्यात दहा मिनिटांत मिसळ खाऊन उठणाऱ्या दोघांना तो मोकळ्या खुर्च्यांवर बसवतो. अट एकच, कुटुंबाला ठरल्या वेळी टेबल मिळालंच पाहिजे. ‘ईझी’ रांगेतल्या पहिल्या कामासाठी नोड कधी मोकळे होतील ते काढते आणि ती वेळ राखून ठेवते. त्याआधीच्या फटीत, पहिल्याला क्षणाचाही उशीर होणार नसेल, तर मागचं कुठलंही काम पुढे येऊ शकतं. याला बॅकफिल म्हणतात. ज्याला आपण रांग मोडणं म्हणू, ते इथे नियमात बसवलं गेलं आणि त्यानं रांगेतल्या पहिल्याचं नुकसान झालं नाही.

हे जमण्यासाठी यंत्राला प्रत्येक कामाला किती वेळ लागेल ते आधी कळावं लागतं. ते सांगणार कोण? काम पाठवणारा. म्हणजे जेसीएलमधला ‘टाइम’चा रकाना, जो मुळात बिघडलेलं काम थांबवण्यासाठी होता, तो आता साऱ्या रांगेचा आधार झाला. सांगितलेल्या वेळेपेक्षा काम लांबलं तर ते मारलं जाणार, ही शिक्षाही कायम राहिली.

लोकांनी काय केलं असेल? भरपूर वेळ मागून ठेवला. जेरुसलेमच्या हिब्रू विद्यापीठातले ड्रॉर फायटेलसन यांनी जगभरच्या यंत्रांच्या नोंदवह्या गोळा करून त्यांचा अभ्यास चालवला आहे. त्यातून दिसलं, की अंदाज सहसा गोल आकड्यांत येतात, एक तास, चार तास किंवा परवानगी असेल तेवढी कमाल मुदत, आणि पुष्कळ कामं मागितलेल्या वेळेच्या लहानशा भागातच संपतात. सॅन दिएगोच्या महासंगणक केंद्रात संशोधकांनी लोकांना पुन्हा विचारून पाहिलं, की काम मारलं जाणार नाही असं धरून खरा अंदाज सांगा. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा निष्कर्ष असा, की अंदाज थोडे सुधारले, पण चूक बरीच राहिली. म्हणजे लोक मुद्दाम फुगवून सांगतात एवढंच खरं नाही. आपलं काम किती चालेल हे त्यांना खरोखरच नीट ठाऊक नसतं. त्याहून नवलाची गोष्ट फायटेलसन आणि अहुवा मुआलेम यांनी २००१ मध्ये दाखवली होती. सगळेच जण वेळ फुगवून मागतात तेव्हा कामं अपेक्षेआधी संपतात, मध्ये मोठ्या फटी पडतात आणि त्या फटींत लहान कामं मावतात. एकूण रांगेचं फारसं बिघडत नाही, कधी कधी ती सुधारतेसुद्धा.

या नोंदवह्यांमध्ये गमतीही सापडतात. नासाच्या एम्स केंद्रातल्या १२८ नोडच्या इंटेल यंत्राची १९९३ ची वही तपासली, तेव्हा निम्म्याहून अधिक नोंदी एकाच किरकोळ आज्ञेच्या निघाल्या. यंत्र जिवंत आहे ना, हे बघण्यासाठी तिथला कर्मचारीवर्ग ती पुन्हा पुन्हा चालवत असे. नुसती कामांची संख्या बघून यंत्राचा वापर ठरवणाऱ्याची तिथे फसगत झाली असती.

जागेचा पेच सुटला तरी न्यायाचा उरतोच. एकाच प्रयोगशाळेनं पाचशे कामं रांगेत ओतली, तर दुसऱ्या दिवशी एकच काम घेऊन आलेल्यानं त्या पाचशेंच्या मागे उभं राहायचं का? याचं उत्तर क्लस्टरांच्याही आधी, ऑस्ट्रेलियातल्या सिडनी विद्यापीठात शोधलं गेलं होतं. तिथे एकाच यंत्रावर बरेच विद्यार्थी काम करत आणि एखाद्या वर्गाची गृहपाठ देण्याची मुदत जवळ आली की बाकीच्यांना यंत्र मिळेनासं होई. जूडी के आणि पिअर्स लॉडर यांनी १९८८ मध्ये ‘फेअर शेअर’ ही पद्धत मांडली. प्रत्येकाचा वाटा आधी ठरवायचा. कुणी अलीकडे किती वापरलं ते मोजायचं. वाट्यापेक्षा जास्त ओरपणाऱ्याला मागे सारायचं आणि कमी वापरणाऱ्याला पुढे घ्यायचं. यातली खरी हुशारी विसरण्यात होती. जुना वापर कायम डोक्यावर बसत नाही. ठरावीक काळानं तो निम्मा धरला जातो, मग त्याच्या निम्मा. गेल्या आठवड्यातला अधाशीपणा महिन्याभरानं जवळपास माफ होतो.

आज जगातल्या बऱ्याच मोठ्या यंत्रांवर हे सगळे धागे ‘स्लर्म’ या प्रणालीत एकत्र आलेले दिसतात. कॅलिफोर्नियातल्या लॉरेन्स लिव्हरमोर राष्ट्रीय प्रयोगशाळेत मो जेट आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये तिची सुरुवात केली. नाव एका लांबलचक इंग्रजी वर्णनाच्या आद्याक्षरांचं, पण ‘फ्युचरामा’ या व्यंग्यमालिकेतल्या शीतपेयाचंही. सुरुवातीला ती आधी आलेल्याला आधी एवढंच करायची. बाकीचे नियम नंतर एकेक करून जोडले गेले. आता ती प्रत्येक कामाचे गुण काढते. किती काळ थांबलंय याचे गुण, खात्यानं वाटा किती वापरला याचे, काम केवढं मोठं आहे याचे, कोणत्या गटात मोडतं याचे. सगळ्यांची बेरीज म्हणजे रांगेतली जागा. जुना वापर निम्मा धरण्याची मुदत वेगळी ठरवली नाही, तर सात दिवसांची असते.

पुण्यात या रांगा आता बऱ्याच जागी लागतात. २००७ च्या नोव्हेंबरात टाटांच्या पुण्यातल्या कंपनीचा ‘एका’ हा क्लस्टर १४ हजारांहून अधिक कोअर घेऊन जगातल्या महासंगणकांच्या यादीत चौथा आला होता. २०१५ मध्ये केंद्र सरकारनं ४,५०० कोटी रुपयांची राष्ट्रीय महासंगणन मोहीम मंजूर केली आणि तिच्यातून सी-डॅकच्या ‘परम’ मालिकेतली यंत्रं आयआयटी, आयसर यांसारख्या संस्थांत बसू लागली. बनारसच्या आयआयटीतलं ‘परम शिवाय’ आणि पुण्याच्या आयसरमधलं ‘परम ब्रह्म’ ही २०१९ ची. २०२० मध्ये सी-डॅकचं ‘परम सिद्धी एआय’ जगात ६३ वं आलं. त्याच्या प्रत्येक नोडमध्ये आठ जीपीयू (एकाच वेळी असंख्य गणितं करणारे प्रोसेसर) आहेत आणि कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेनंतर अशा यंत्रांवर खरी झटापट आहे ती या जीपीयूंसाठी. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तीन ‘परम रुद्र’ यंत्रं सुरू झाली. त्यांतलं एक पुण्याजवळच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या केंद्रासाठी.

त्याच दिवशी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत ‘अर्क’ हे ११.७७ पेटाफ्लॉप क्षमतेचं यंत्रही सुरू झालं. हवामानाच्या बाबतीत फेअर शेअरचं गणित चालत नाही. उद्याच्या पावसाचा अंदाज परवा हाती आला तर त्याचा उपयोग काय? अशा कामासाठी ठरल्या वेळी नोड राखून ठेवावेच लागतात आणि संशोधकांनी उरलेल्यात भागवायचं. इथे न्याय बाजूला ठेवून गरज पुढे आणली जाते, आणि तशी ती आणायलाच हवी.

हा निर्णय यंत्रानं घेतलेला नाही. गुण कसे द्यायचे, थांबण्याला किती आणि वाट्याला किती वजन, मोठ्या कामांना झुकतं माप द्यायचं की लहान कामांना, कुणासाठी नोड राखायचे, हे सगळं प्रत्येक संस्थेतली माणसं ठरवतात. ऑपरेटरच्या हातून गठ्ठा यंत्राच्या हातात गेला, पण गठ्ठे कसे लावायचे हे सांगणारा अजूनही माणूसच आहे. म्हणून ‘यंत्रानंच नंबर दिला’ हे उत्तर कुणी पुढे केलं तर ते अपुरं समजावं.

रांगेत उभं राहणाऱ्यांच्या हातीही काही गोष्टी आहेत. मोठं काम पाठवण्याआधी त्याचा छोटा नमुना चालवून वेळ आणि मेमरी मोजावी, त्यावर थोडी भर घालून मागणी करावी आणि कमाल मुदत सवयीनं लिहू नये. लहान आणि खरी मागणी बॅकफिलच्या फटीत पटकन मावते, त्यामुळे यात स्वतःचाही फायदा आहे. नको झालेलं काम रांगेतून लगेच काढून घ्यावं. आणि ही यंत्रं चालवणाऱ्या संस्थांनी, ती जनतेच्या पैशांतून उभी राहिलेली आहेत हे ध्यानात घेऊन, आपल्या रांगेचं सूत्र, त्यातली वजनं आणि दर महिन्याचा सरासरी खोळंबा सर्वांना दिसेल असा जाहीर करावा.